आईची बायको

३ ऑगस्ट, शनिवार

आईने लग्न केलंय. बायको आणलीये!

लिहून टाकलं तरी खरं वाटत नाही. सकाळी एल्डोरेटला विमानातून उतरले, गाडी केली, चहाच्या मळ्यांतून वर आले. सगळा रस्ता मनात एकच — आता आई. सोळाव्या वर्षी शर्यतीत पळण्यासाठी म्हणून जपानला नेलं मला. कंपनीच्या संघातून पळत होते तोवर पळाले, गुडघा गेल्यावर नव्या पोरींना पळायला शिकवलं, आणि आता डोक्यात पांढरे केस घेऊन कायमची परत आले. दारात आईशेजारी एक पोरगी उभी. पंचविशीची असेल. पायाशी एक मुलगा.

"ही कोण गं?"

"जेमेली. माझी बायको," आई म्हणाली. नवी गाय दाखवावी इतक्या सहज!

मला ही चाल माहीत नाही असं नाही. आम्हा नांदी लोकांत आहेच ती. मुलगा नसलेली, मूल होण्याचं वय सरलेली बाई गुरं देऊन बायको आणते, आणि त्या दिवसापासून ती पुरुष. बायकोला मूल कोणापासून का होईना, बाप हीच. लहानपणी ओढ्यापलीकडे अशी एक होती, आम्ही पोरी तिला लांबूनच बघायचो. पण ती दुसऱ्याची आई होती. ही माझी आहे!

आणि हे सगळं होऊन वर्षं लोटली. पोरगं, किगेन, पाच वर्षांचं झालंय. दर रविवारी मी फोन करत होते. "नवीन काय, आई?" — "काही नाही गं. यंदा चहाचा पाला बरा आहे."

पाला बरा आहे!

४ ऑगस्ट, रविवार

दारात बूट काढून आत गेले तर सगळे हसले. "शेणातून आलेली माणसं बूट घालून आत जातात, आणि ही बाहेर काढते!" शेजारणींना मी वाकून नमस्कार केला. त्या निघून जाताना एकीचं ऐकू आलं — "सारखी वाकते. कंबर धरलीय का हिची?" जपानची सवय. जाईल हळूहळू.

जेवायला बसले. ताट जेमेलीने आणलं. मक्याच्या पिठाचं घट्ट किम्येत, पालेभाजी, वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात आंबवलेलं दूध. आई बाहेर स्टुलावर, वारलेल्या वडिलांचा जुना ओव्हरकोट घालून, दोन म्हाताऱ्यांशी बोलत बसलेली.

"तू नाही वाढणार मला?"

"मी चुलीपाशी जात नाही आता."

"का?"

"पुरुष जातात का?" आणि पुन्हा कुंपणाच्या गप्पा सुरू.

इतकी वर्षं त्या वसतिगृहात भात आणि मासे खाताना डोळे मिटून आईच्या हातचं किम्येत आठवलंय मी. जेमेलीच्या हाताला चव आहे, खोटं कशाला बोलू. त्याचाच जास्त राग आला.

तिने वर विचारलं, "तुम्हाला ताई म्हणू की मुली म्हणू? नात्याने मी तुमची सावत्र आई लागते!" आणि तोंडावर हात धरून हसली. थट्टाच होती. मला थट्टा झेपत नाहीये सध्या.

६ ऑगस्ट, मंगळवार

गावात सगळ्यांना माहीत होतं. सगळे लग्नाला जेवून गेलेत. एकालाही वाटलं नाही की पोरीला कळवावं.

७ ऑगस्ट, बुधवार

पाल्याच्या वजनाला आई आणि जेमेलीबरोबर शेडवर गेले. आतून कुणी ओरडलं, "किगेनचे बाबा आले का?" मी इकडेतिकडे बघतेय, आणि आई म्हणाली, "आलो!"

तिला सगळं गाव 'जेलागातची आई' म्हणायचं. तिचं खरं नाव ताप्साबेई, ते कुणाला आठवायचंसुद्धा नाही. माझ्या नावाने ओळखायचे तिला. माझं नाव पुसून टाकलं की हो तिच्यावरून! आणि तिने पुसू दिलं.

परत येताना मी भांडलेच.

"मी होते ना! मूल हवं होतं तर मी मूल नव्हते?"

"तू कुठे होतीस?"

"जपानात! तूच पाठवलंस!"

"हो. मीच पाठवलं." एवढंच बोलली आणि पुढे चालू लागली. रिकामी टोपलीसुद्धा उचलली नाही तिने, ती जेमेलीच्या पाठीवर. पूर्वी माझी आई डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चढ चढायची आणि चढता चढता माझ्यावर खेकसायची. तीच बरी होती.

१० ऑगस्ट, शनिवार

मी धान्याच्या खोलीत झोपते. पाहुण्यांची खाट तिथे टाकलीय. जेमेलीने सहज विचारलं, "किती दिवस आहात?"

मी म्हटलं, कायमची आलेय. ती किगेनला हाक मारून बाहेर गेली.

संध्याकाळी आईला म्हटलं, "मला इथे एक खोली बांधू दे. आवारात कुठेही." तिने चटकन मागे वळून पाहिलं, कुणी ऐकत नाही ना असं. "थांब जरा. आत्ता बोलू नकोस त्यावर." म्हणजे नाही! सरळ नाही म्हणायचीही तसदी नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

ताप. सगळी हाडं ठणकतायत. मलेरियाची ओळख विसरलं माझं अंग.

१४ ऑगस्ट, बुधवार

आज जे झालं ते लिहायलाच हवं.

दुपारी जेमेली पोराला घेऊन पाला तोडायला गेली. मी चुलीजवळच्या अंथरुणावर, ग्लानीत. दाराला आतून कडी लावल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर आई! ओव्हरकोट काढून ठेवलेला, डोक्याला फडकं बांधलेलं, चुलीपुढे उकिडवी. फुंकर घालून जाळ केला, नाचणीची आंबील रटरट शिजवली, आणि माझं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने भरवली. मी रडत होते, आंबील गालावरून ओघळत होती, ती पुसत होती.

"कुणाला बोलू नकोस. कळलं तर मला पुरुषांत बसू देणार नाहीत."

"नको बसूस! काय मिळतं तिथे बसून?"

"गप. खा."

तिच्या अंगाला धुराचा वास येत होता. मला आई मिळाली आज.

आणि जेमेली परतली तेव्हा आई बाहेर स्टुलावर, कोट घालून. तिथूनच ओरडून विचारलं, "पोरीचा ताप उतरला का गं?" जणू आत डोकावलीच नव्हती! म्हणजे आई मला आता अशी मिळायची. चोरून, कडी लावून. आणि त्या पोरासाठी उजेडात बाप.

१७ ऑगस्ट, शनिवार

चुमोकाका आला. वडिलांचा धाकटा भाऊ. हातात साखरेची पिशवी, तोंडातही साखरच.

"बाळ, तुझ्यावर अन्याय झाला. आता कायदा मुलीलाही वारस मानतो. तू आहेस तर तुझ्या आईला बायको आणायची गरजच काय होती? पंचांनी तिला पुरुष मानलं म्हणून ती पोरगी आणि तिचं पोर इथे आहेत. तुझी आई बाईच आहे असं ठरलं की लग्न संपलं. मग उरलीस तू एकटी."

"तुम्ही लग्नाला होतात ना? म्हणे सगळ्यात जास्त मांस तुम्हीच खाल्लंत."

"खाल्लं! भूक लागली होती!" हसला. मग हळूच, "पुढच्या शनिवारी पंचांचं कोकवेत बसतंय. झाडाखाली, सगळ्या गावासमोर. मी विषय काढतो. तू फक्त खरं ते बोल."

त्याचा डोळा आमच्या जमिनीच्या वरच्या तुकड्यावर आहे, हे मला दिसत नाही असं नाही. पण माझ्या बाजूने बोलणारा तेवढा एकच माणूस आहे या गावात.

२० ऑगस्ट, मंगळवार

आई रोज संध्याकाळी अरप मायोकडे जाते. पंचांत सगळ्यात म्हातारे ते. आज मी मागोमाग गेले तर दोघं एकदम गप्प. मायो मला बघून दाढी कुरवाळायला लागले. घरात जेमेलीला विचारलं तर म्हणते, "मला काही विचारू नका. त्यांनी शपथ घातलीय."

तिला माहीत आहे, मला नाही! मला बाहेर काढायचं चाललंय यांचं. दुसरं काय असणार? आईने माझ्यापासून एक अख्खं लग्न लपवलं. तिला हे काय जड आहे?

२३ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या. आई सकाळपासून कोट झटकतेय.

२४ ऑगस्ट, शनिवार

झालं.

पुरुष झाडाखाली स्टुलांवर, बायका उतारावर गवतात. आई पुरुषांत, मायोंच्या शेजारी, हातात वडिलांची काठी. मला बघून हसली. मला वाटलं, मला हसतेय. खरंच तसं वाटलं.

मायो काही बोलायच्या आधीच चुमोकाका उठला. "आधी माझा विषय. या घराला वारस आहे, ती बघा, समोर बसलीय! आणि ही आपली ताप्साबेई पुरुष म्हणवते. पुरुष चूल पेटवतो का? विचारा तिच्याच पोरीला!"

त्याला कुठून कळलं? परवा तो विचारत होता, आजारपणात कोणी बघितलं गं तुझं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. माझ्या तोंडावर दिसलं असेल.

मायो माझ्याकडे वळले. "पोरी, नीट विचार करून बोल. पाहिलंस का तू?"

आईने मान किंचित हलवली. नको म्हणून. बस्, तेवढंच झालं आणि माझं डोकं फिरलं! आतासुद्धा लपव म्हणते. वर्षानुवर्षं माझ्यापासून लपवलं, आता माझ्याकडूनच लपवून घेणार!

"हो," मी म्हटलं. "पेटवली. आंबील केली. मांडीवर घेऊन भरवली मला. आई आहे ती माझी! कुणाचा बाप नाही!"

मायोंनी विचारलं, "ताप्साबेई, खरं का हे?"

"खरं."

खोटं बोलू शकली असती. कुणी बघितलं होतं? पण म्हणाली, खरं. मग तिने काठी स्टुलाला टेकवून ठेवली, कोट काढला, घडी घातली, आणि उतरून बायकांच्या बाजूला आली. बायकांनी सरकून जागा दिली नाही लगेच. ती कडेला गवतात बसली. मायोंनी डोळे पुसले आणि म्हणाले, आता आजचं बाकीचं काही घेत नाही.

जेमेली माझ्याजवळून गेली. "शाब्बास, मुली," एवढंच म्हणाली.

मी जिंकले. मला हवं होतं तेच झालं. मग घरी यायला पाय का उचलत नव्हते? किगेन सगळ्या वाटेने विचारत होता, बाबा खाली का बसले? बाबा खाली का बसले? कुणीतरी त्याला उत्तर द्यायला हवं होतं.

२५ ऑगस्ट, रविवार

जेमेली पोराला घेऊन माहेरी गेली. निघताना दारात थांबली. "काल दुसरा विषय तुमचाच होता. वरचा तुकडा तुमच्या नावाने, तुमचं घर बांधायला. तुम्ही परत येते म्हणून फोन केलात ना, त्या दिवसापासून किगेनचे बाबा पंचांच्या विनवण्या करत होते. मुलीला जागा द्यायची तर बापानेच उठून बोलावं लागतं, बाप नसला तर काकाने. तुम्हाला तिथेच, सगळ्यांसमोर कळावं अशी हौस होती त्यांना."

मी आत गेले. आई चुलीपुढे होती.

"खरं का गं आई? मला जागा देणार होतीस?"

तिने जाळ पुढे सारला. वर बघितलं नाही.

"मला काय विचारतेस? मी बाईमाणूस. चुमोला विचार."