न खळबळता धुतलेली गाडी

डुलुथ, रविवार संध्याकाळ

ती. लेलंडदादांस,

व्हर्लिनचा नमस्कार. (वाकून करणार होतो, पण गाडीची चाकं पुसताना वाकलेली कंबर अजून सरळच झालेली नाही, तेव्हा अर्धा नमस्कार आपोआप झालेला आहे असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? इडेलावहिनींची खोकल्याची ढास थांबली का? तुम्ही तिकडे अ‍ॅरिझोनात नाताळाला अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून अंगणातली संत्री तोडत होता, असं फोटोत दिसलं. देव तुम्हाला असंच सुखात ठेवो. इकडे पारा शून्याखाली जाऊन बसलाय तो वर यायचं नाव घेत नाही. बाकी आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे मी आणि तुमची बहीण आर्डिस. खुशाल म्हणजे काय, ते सविस्तर लिहितो.

तुम्हाला इथल्या मिठाची कथा सांगायला नको. एकदा का बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की गाडीचा मूळ रंग वसंतापर्यंत विसरायचा. माझी गाडी निळी आहे हे मी लोकांना शपथेवर सांगतो. आपल्याकडची माणसं गाडीतून उतरताना पोट आत ओढून, कोट आवळून, तिरकी तिरकी उतरतात ती याच मिठापायी. आर्डिसही लग्न झाल्यापासून तशीच उतरत आली. पण नाताळानंतरच्या रविवारी चर्चसमोर तिचा पाय घसरला आणि तिने आधाराला दारावर पाठ टेकली. अंगात तुमच्या आईंचा तो साईच्या रंगाचा लोकरी कोट. खांद्यापासून खालपर्यंत राखाडी पट्टा उमटला, अगदी रस्त्यावर मारतात तसा. ती काही बोलली नाही. (ती बोलते तेव्हा मी ऐकत नाही, पण बोलत नाही तेव्हा घाबरतो.) पुढच्या रविवारी पाहतो तर दाराशी एल्डन टोलेफसनची गाडी. आठवतो ना? दातांचा डॉक्टर होता तो. आता निवृत्त, विधुर, आणि त्याच्या गॅरेजला जमिनीखालून ऊब. ऐन जानेवारीत त्याची गाडी अशी लखलखीत, की तिच्यात बघून मी टोपी नीट केली.

"तुझी गाडी हात लावण्यासारखी झाली की हाक मार, व्हर्लिन," आर्डिस म्हणाली, "तोवर मी एल्डनबरोबर जाते."

मी मागून एकटा गेलो. पुढच्या रविवारीही एकटाच. दादा, खरं सांगतो, शेजारची सीट रिकामी असली की गाडी एका बाजूने हलकी लागते. रेडिओचा आवाज तिने कमी केल्याशिवाय मला तो ऐकूच येत नाही. तेव्हा मी इरेला पेटलो. काय वाटेल ते होवो, पण पुढल्या रविवारी ही बाई माझ्याच गाडीत बसेल.

आता धुवायची कशी? बाहेरचा नळ ऑक्टोबरातच बंद केलेला. गावातलं गाड्या धुवायचं यंत्र या थंडीत दारच उघडत नाही. तेवढ्यात तुम्ही नाताळाला पाठवलेली ती गाडी धुवायच्या औषधाची बाटली आठवली. (तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. मला मोजे हवे होते.) तुम्ही फोनवर सांगितलेली कृती मला पाठ आहे: फवारा मारून मीठ सैल करायचं. बादलीभर कोमट पाण्यात झाकणभर औषध, त्यात सगळे टॉवेल बुडवून ठेवायचे. एक टॉवेल घ्यायचा, एक भाग पुसायचा, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचा, आणि खळबळायचं अजिबात नाही. शिवाय तुम्ही म्हणालात, "पाणी हाताला बुळबुळीत लागलं की समज जमलं." हे वाक्य तुमचं आहे, दादा. विसरू नका, पुढे लागणार आहे.

आता आमचं गॅरेज. हिवाळ्यात ते आमचा दुसरा फ्रीजच असतं, तुमच्याही घरी होतंच. सुपाची भांडी, उरलेला केक, हरणाचं मटण, सगळं तिथेच. त्यातून या रविवारी चर्चमध्ये लुटफिस्क माशाचं जेवण. बाकीच्या बायका मासा दुकानातून तयार आणतात, पण तुमची बहीण पडली तुमच्या आईंची लेक. ती वाळका मासा आणून क्षारात घालते, मग रोज थंड पाणी बदलत बसते, आणि तो जेलीसारखा थरथरायला लागला की पसंत करते. तर अशा माशाच्या दोन पांढऱ्या बादल्या गॅरेजात होत्या, एक स्वयंपाकघराच्या दाराशी आणि एक भिंतीलगत. माझी धुण्याची बादलीही पांढरीच. (या घरात दुसऱ्या रंगाची बादली का नाही, हा प्रश्न मी नंतर विचारला. विचारायला नको होता.)

शनिवारी आर्डिस चर्चमध्ये बटाटे सोलायला गेली आणि मी हीटर लावून कामाला लागलो. बाहेरून आलेला चष्मा लगेच वाफेने भरला. पुसला, पुन्हा भरला. हातात लोकरीचे मोजे, वर रबरी मोजे, त्यामुळे बोटांना टॉवेल आणि पाव यांतला फरक कळणं बंद. तरी हटलो नाही. छत केलं, बॉनेट केलं, माझ्या बाजूची दारं केली. दारं उघडून कडांची रबरं आतून बाहेरून पुसली, अशी की एल्डनच्या गाडीचीही कोणी पुसली नसतील. खालून निळा रंग निघाला! जुना मित्र भेटावा तसा आनंद झाला. शेवटी तिच्या बाजूचं दार ठेवलं होतं, मुद्दाम, कारण खरं युद्ध तिथेच होतं. गाडीला वळसा घालून गेलो, बादलीत हात घातला. पाणी बुळबुळीत. म्हटलं, वा, आता खरं जमलं! टॉवेल जरा जाड लागला, पण किती मऊ! म्हटलं दादांनी हा खास पाठवलेला दिसतो. त्याने ते दार पुसलं, हँडल पुसलं, दार उघडून रबरंही पुसली. टॉवेल मधेच फाटला म्हणून दुसरा घेतला. तोही फाटला. इतक्यात चष्मा साफ झाला.

तेव्हाच आर्डिस आली. मी हातात मासा घेऊन गाडीसमोर उभा.

"व्हर्लिन," ती म्हणाली, "तो आईच्या पद्धतीचा आहे."

एवढंच. मग आत गेली आणि कपाटांची दारं आपटत बसली. ती बादली मी फेकली, ते दार औषधाच्या पाण्याने वरवर पुसून घेतलं. पण हात दाखवून अवलक्षण व्हायचं ते झालंच होतं. वास काही जाईना. गाडीवर सही करून गेल्यासारखा राहिला.

आज सकाळी मी बाकीच्या तिन्ही दारांची रबरं पुन्हा एकदा ओल्या टॉवेलने पुसली (तिच्या दाराला हात लावायची हिंमत नव्हती) आणि सीटवर जाऊन बसलो. एल्डन आला. आर्डिस उरलेली बादली घेऊन बाहेर गेली. आणि दादा, त्या सद्गृहस्थाने काय म्हणावं?

"आर्डिस, मासा माझ्या गाडीत नको हं. सीटला वास धरतो. तो व्हर्लिनकडे दे, तू ये."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. मग बादली उचलून सरळ माझ्याकडे आली, मागच्या सीटवर ठेवली, आणि पुढे बसली. "इथे आता वास लागायला जागाच कुठे आहे!" म्हणाली, आणि रेडिओचा आवाज कमी केला. दादा, मला तेव्हा काय वाटलं ते मी लिहीत नाही. मी गाडी सुरू केली.

चर्चपाशी पोहोचलो तर माझं दार उघडेना. रबरांतलं पाणी वाटेत गोठून दार चौकटीला शिवल्यासारखं झालेलं. मागची दोन्ही तशीच. "तुझं बघ," म्हटलं. तिने हँडलला हात लावला आणि म्हणाली, "नाही बाई." आत चर्चच्या तळघरात अख्खी मंडळी ताटं घेऊन उभी, मासा आमच्याजवळ, आणि आम्ही कुलूपबंद. खिडकीतून एक एक चेहरा दिसू लागला. थर्मासात कॉफी होती, ती एकाच झाकणातून आळीपाळीने घेतली. मग ती एकदम हसायला लागली. मी टॉवेल फाटल्याची नक्कल केली, तर डोळ्यांतून पाणी येईतो हसली. असं हसलेलं मी तिला कधी पाहिलं होतं, आठवत नाही. शेवटी एल्डन बाहेर आला, गाड्यांची इंजिनं गरम ठेवायला बाहेर विजेचा खांब असतो, त्यातून लांब वायर ओढून, केस वाळवायचं यंत्र घेऊन. माझ्या दाराला ऊब देत उभा राहिला बिचारा, नाकाला रुमाल लावून. मासा उशिरा शिजला, पण ताटात थरथरत आला. लोकांनी दोनदा घेतला.

इडेलावहिनींना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला,
व्हर्लिन

ता. क. तुमची बाटली अर्धी उरली आहे. दोष औषधाचा नाही, हे मोठ्या मनाने कबूल करतो.

ता. क. २. आता मुद्द्याचं. आर्डिसचा तुम्हाला फोन येईल. तेव्हा कृपा करून एवढंच सांगा, की टॉवेल माशासारखा लागतो असं तुम्हीच मला आधी बजावलं होतं. तुम्ही मोठे भाऊ आहात, तुमच्यावर ती फार वेळ चिडत नाही.

ता. क. ३. दादा, पाकिटं या घरात मीच चिकटवते, हे हा विसरला. फोनवर तुला काही खोटं बोलायची गरज नाही. आईचा मासा त्याने ज्या दाराला फासला, ते माझं दार तेवढं गोठलंच नव्हतं. हात लावताच हललं. मी ते ओढून धरून बसले. एल्डन येईपर्यंत कॉफी पुरली. हे त्याला कळवू नकोस. आणि आणखी एक बाटली पाठव, हिवाळा अजून पुष्कळ आहे. – आर्डिस