महाळुंग्यात कोणी पडत नाही

६ ऑगस्ट
गुरुवार, म्हाताऱ्यांची ओपीडी. संध्याकाळी एचओडी सरांनी बोलावलं. "ग्रँट आली तर तुझी ओपीडी चालू. नाहीतर नव्या वर्षापासून तू परत जनरल मेडिसिनला." चहा सांगावा तशा आवाजात. वृद्धरोग विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक पडदा. ग्रँट संशोधनाची, तरुण प्राध्यापकांसाठी. वयाच्या अटीमुळे मला ही शेवटचीच खेप. विषय: म्हातारी माणसं घरात किती पडतात आणि का. आधी महाळुंग्यात छोटी पाहणी, मग प्रपोजल.

११ ऑगस्ट
महाळुंगे. सोबत तिथली आशा कार्यकर्ती, सुनीता. चारी बाजूंनी कंपन्या, मधे जुनं गाव, दारोदार चारचाकी. प्रश्न एकच: वर्षभरात पडलात का? उत्तरही एकच. हौसाबाईंचा हात प्लास्टरमध्ये, तरी "न्हाई बाई, मी कशाला पडू?" मग हे? "ते आसंच." मुलगा दारातूनच तापला, "आमच्या आईला काय कमी हाय, म्याडम? पडायला आमी काय मेलोय का?"

१२ ऑगस्ट
रकाने भरले. नाही, नाही, नाही. म्हाताऱ्यांसाठी याहून सुरक्षित गाव देशात नसेल. यावर ग्रँट कोण देणार? सुनीताला फोन केला. ती म्हणाली, "पडली म्हटलं की पोरगा बघत न्हाई, आसं गाव बोलतं. आन पोरगं मग तिला उंबऱ्याभाईर सोडत न्हाई." दोन्हीकडून तोंड बंद.

१९ ऑगस्ट
परत हौसाबाईंकडे. चहा झाला. कंटाळून सहज विचारलं, आळीत कोणी पडलं का? बाई एकदम खुलल्या. "ती पलीकडची सोना. मोरीत आपटली. सून कुनाला सांगत न्हाई." सोनाबाईंकडे गेले. "मी? न्हाई. हौसा पडली की गोठ्यात. बोलली न्हाई व्हय तुमाला?"
दिवसभर हेच. स्वतः कोणी पडत नाही, शेजारीण पडते. खूप दिवसांनी कामात मजा आली.

२ सप्टेंबर
प्रपोजल गेलं. पद्धत: आधी शेजारी विचारायचं, मग त्या घरी जाऊन, गोडीत, तपासायचं. शहरी सोसायट्याही घेतल्यात. सर म्हणाले, "चहाड्यांवर संशोधन?" सही मात्र केली.

२० सप्टेंबर
रविवार. जिन्यात शेजारच्या शिंदे काकू. "आईंचा गुडघा कसा आहे आता?"
कुठला गुडघा?
"अगं, बाथरूममध्ये पडल्या ना परवा. मीच उचललं. तुला बोलल्या नाहीत?"
घरात आले. आई टीव्हीपुढे. म्हणे, "काकूंना काय, बोलायला विषय लागतो." गाऊन वर करून पाहिला, गुडघा काळानिळा. खूप ओरडले तिला. मग बेसिनशी जाऊन रडले.
आई मागून, "तुझं ते ग्रँटचं चाललंय ना. म्हणून नाही बोलले."

२२ सप्टेंबर
बाथरूममध्ये धरायची दांडी बसवून घेतली. पेशंटना रोज सांगते बसवा म्हणून.

९ ऑक्टोबर
ऑनलाइन मुलाखत. तिघंजण. शेजाऱ्याला विचारायची कल्पना आवडलेली दिसली. मग त्यातल्या एक बाई, पांढरे केस, शांत, म्हणाल्या, "सुशिक्षित घरांत हे लपवणं नसेल. तुमच्या घरी कोणी वयस्कर?"
आई.
"पडल्यात कधी?"
"नाही," म्हटलं. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं. वर हसून, "मी आहे ना घरी."
"म्हणजे शहरात थेट विचारलं तरी चालेल." मी मान हलवली.
माझ्या प्रपोजलचा सगळ्यात भक्कम पुरावा बाजूच्या खोलीत मटार सोलत होता.

१० ऑक्टोबर
मुलाखत घेणाऱ्यांचा मेल. काही भर घालायची असेल तर सोमवारपर्यंत कळवा. निकाल दिवाळीनंतर. लिहायला बसले. "काल मी खरं सांगितलं नाही. माझी आई" इथवर आले. पुढचं तिला न विचारता कसं लिहू? विचारलं.
आईने बराच विचार केला. "लिही की. तुझी ओपीडी राहायला हवी. फक्त पडल्या त्या शिंदे काकू, असं लिही."
मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.