चौथा खंड आणि बाबांची तारीख

लाखनी
४ सप्टेंबर २००३

चि. खुशबूस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

कादंबरीचा चौथा खंड आज तुमसरच्या गाडीत कंडक्टरजवळ दिला. तुमसरहून बाबूलाल ट्रकवाले चिखल्याला आणून देतील. त्यांना चहा पाजशील, नाहीतर पुढच्या वेळी पुस्तक ट्रकातल्या मँगनीजखाली दाबून आणतील.

तुमची गोगलगाय कुठवर पोचली? मी चारही खंड उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभरात उडवले आणि तू आषाढात धरलेलं पुस्तक घेऊन अजून तिसऱ्यातच. गोष्टीतली ती तारिणी एकदाची नदीपार होईपर्यंत तुझे केस पांढरे होतील.

आता थट्टा पुरे. नागपूरहून बाबांच्या ऑपरेशनची तारीख आली आहे. सोमवार, १३ ऑक्टोबर, भरती आधीच्या शुक्रवारी, १० ला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ही तारीख चुकली तर पुढची दिवाळीनंतर कधीतरी, आणि बाबांचं हृदय तोवर तग धरेल असं ते म्हणू शकत नाहीत. हे फक्त तुझ्याजवळ ठेव. फोन शेजारच्या किराणा दुकानात, आणि बाबा सारा दिवस त्याला लागूनच आपल्या ओट्यावर बसलेले, म्हणून पत्र लिहितो आहे. बाबांना तारीख तेवढी सांग आणि त्यांचा होकार लगेच कळव.

जीव टांगणीला लागला आहे. या भावावर माया करतेसच, ती उत्तरातून दिसू दे.

तुझा,
अश्विन


चिखला
१० सप्टेंबर २००३

ती. भाऊस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पुस्तक मिळालं. बाबूलालकाकांना चहाच नाही, पोहेही दिले.

बाबांना तारीख सांगितली. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. म्हणे, पुस्तकाची समाप्ती झाली की जाईन. मी कपाळावर हात मारून घेतला.

तुला लाखनीत बसून समजणार नाही, म्हणून सांगते. दरवर्षी पावसाळ्यात वर्षावासाला बुद्धविहारात ग्रंथ बाबाच वाचायचे. रोज एक भाग, मग त्यावर बोलणं, आणि आश्विन पौर्णिमेला समाप्ती. यंदा चार ओळींत दम लागायला लागला, म्हणून वाचन निर्मलाबाईंकडे दिलं. बाबा घरात नुसते चिडून बसले. त्यांचं मन रमावं म्हणून मी तुझी ही जादूची कादंबरी वाचून दाखवायला घेतली, तर त्यांनी तिलाही विहाराचाच नियम लावला. रोज संध्याकाळी एक प्रकरण. गाळायचं नाही, पुढं पाहायचं नाही. आता केवळराम काकाजी, निर्मलाबाई, खाण कामगारांच्या घरांची सारी लाइन ओट्यावर येऊन बसते. मी जरा भरभर वाचायला लागले की बाबा बोलत नाहीत, फक्त हाताचा पंजा वर करतात. मग मी थांबते, श्वास घेते आणि तीच ओळ परत वाचते.

अशा चालीनं समाप्ती दिवाळीपर्यंतही होत नाही. मी दोन प्रकरणं वाचते म्हटलं, तर म्हणे, एका दिवशी दोनदा जेवण पचते, दोनदा गोष्ट पचत नाही. आता तूच सांग मी काय करू. आणि मला गोगलगाय म्हणायचं असेल तर इथं येऊन म्हण.

रागावलेली, तरी तुझ्याच मायेची,
खुशबू


लाखनी
१५ सप्टेंबर २००३

चि. खुशबूस,
जयभीम. वि. वि.

काही झालं तरी बाबा दहा तारखेच्या सकाळी गाडीत बसलेले पाहिजेत. गोष्टीसाठी बाप गमवायचा का आपण?

उपाय एकच. गाळ. तिसऱ्या खंडात मीठवाल्यांची वंशावळ आहे, ती सोड. डोंगरातल्या विधवेच्या घरी मुक्काम आहे, तोही सोड, तिथं काहीच घडत नाही. चौथ्यातली लढाईची तीन प्रकरणं एका दमात सांगून टाक. तिन्हींत मारामारी तीच, नावं तेवढी बदलतात. ओट्यावर कोणालाही कळणार नाही. प्रकरणांचे आकडे मोठ्यानं वाचू नको म्हणजे झालं.

वाईट वाटून घेऊ नको. तारिणीचं काय होतं ते कळलं की पुस्तक संपलं. मी असंच वाचतो आणि माझं काही बिघडलं नाही.

घाईत आहे, पण तुझ्यावरचा लोभ घाईतला नाही.

अश्विन


चिखला
२४ सप्टेंबर २००३

ती. भाऊस,
जयभीम.

झालं तुझ्या मनासारखं. सारा सत्यानाश झाला.

वंशावळ गाळली, कोणाला कळलं नाही. विधवेचा मुक्काम गाळला, तेव्हाही कळलं नाही. काल चौथ्या खंडात तारिणी पायी नदीवर आली आणि केवळराम काकाजी उठून उभे राहिले. म्हणे, पोरी, लाकडी घोडा कुठी गेला? त्याच्यावरच तर बसून निघाली होती ना ते! मी म्हटलं थकला असेल. तर म्हणे, लाकडाचा घोडा थकते काय? सारे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मागची पानं चाळली आणि सर्वांसमोर म्हणाले की उद्यापासून तिसरा खंड पहिल्यापासून. घोडा ती त्या विधवेच्या दारातच ठेवून आली होती, भाऊ. तू म्हणतोस तिथं काहीच घडत नाही!

आता तारीख हातची गेलीच समज. त्यात आज सकाळी पाण्याची बादली उचलायला गेले आणि छाती धरून खाली बसले. ओठ निळे पडले होते. गोळी जिभेखाली ठेवली तेव्हा कुठं रंग परत आला. मी तुझ्या चिठ्ठ्या लपवून ठेवल्या होत्या, त्या दोन्ही काढून त्यांच्यासमोर टाकल्या. डॉक्टर काय म्हणाले ते वाचा म्हटलं. वाचलं त्यांनी. सावकाश, दोनदा. मग म्हणाले, मी अश्विनले लिहितो.

भाऊ, मला लय भीती वाटून राहिली. रागानं लिहिलं असेल तर पोटात घाल.

खुशबू


चिखला
२५ सप्टेंबर २००३

चि. अश्विन यास,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

दम लागते, म्हणून अक्षर असं आलं. समजून घेजो.

तू आन खुशबूनं मिळून मले फसवलं, त्याचा राग नाही. पोरं बापासाठीच फसवतात. पण तुम्ही दोघं समजता का म्हातारा ऑपरेशनले भेते. भेतो तं होच. पण गोष्ट दुसरी आहे.

तुही माय विमला नागपूरले गेली तेव्हा विहारात ग्रंथ चालू होता. खाटेवरून गाडीत ठेवलं तिले, तं ते मले विचारे, आजचा भाग कोणता होता. मी म्हटलं, तू परत ये, मंग वाचून दाखवतो, आता बोलू नको. गाडी निघून गेली. ते परत आलीच नाही. तो भाग माह्या तोंडात तसाच राहिला. तवापासून अर्धं वाचन टाकून मी गावाबाहेर जात नाही. आता समजलं काय?

पण खुशबूचं रडणं मले पाहवत नाही. तू तं सारं वाचलं आहेस. शेवट काय होते ते एका कागदावर लिहून पाठव. मी तो वाचतो आन दहा तारखेले गाडीत बसतो. मंग काही उरत नाही.

लेकरा, तब्येत सांभाळ. आमच्यावर जीव आहे तसा राहू दे.

तुझा बाप,
मंगरू


लाखनी
२९ सप्टेंबर २००३

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी कागद घेऊन बसलो. मला वाटलं, सुटलो एकदाचा. शेवट लिहायला घेतला तर चार ओळींत संपला. कोण जिंकलं, कोण गेलं, कोण घरी आलं. वाचून पाहिला तर चालत्या गाडीतून पाहिलेल्या गावासारखा वाटला. आणि खरं सांगतो, तो लाकडी घोडा मला आठवतच नव्हता. खुशबूला गाळायला सांगितलेलं प्रकरण मी स्वतःच वाचलं नव्हतं. तो कागद मी फाडला.

शेवट मी पाठवणार नाही, बाबा. तुम्ही रागवाल, रागवा. तो वाचून तुम्ही सारं आटोपून गाडीत बसणार, काही उरलं नाही म्हणत. मला तसे आटोपून निघालेले बाबा नको आहेत.

माय गेली तेव्हा ग्रंथ विहाराचा होता, तो सोबत नेता आला नाही. हे पुस्तक आपलं आहे. ते आपल्यासोबत नागपूरला चालेल. नऊ तारखेपर्यंत खुशबू रोज एक प्रकरण वाचेल, काहीही न गाळता. दहापासून वॉर्डात मी वाचेन, तुमच्या चालीनं. वाचन अर्धं टाकून जायचं नाही ना? तर नाही टाकायचं. जिथं तुम्ही, तिथं पुस्तक.

मी शाळेत रजा टाकली आहे, नऊला येतो. हट्टी मुलावरची माया कमी करू नका.

अश्विन


चिखला
११ ऑक्टोबर २००३

ती. भाऊस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पुरुषांच्या वॉर्डात एकच माणूस ठेवतात म्हणून मी इथं राहिले, पण जीव तिकडंच आहे. घर खायला उठते. संध्याकाळी सारे सवयीनं ओट्यावर आले आणि नुसते बसून राहिले. निर्मलाबाई म्हणाल्या, शेवट अश्विनला फोनवर विचारून घेऊ. केवळराम काकाजी त्यांच्या अंगावर धावून गेले. म्हणे, मंगरूच्या तोंडून ऐकीन, नाहीतर ऐकणारच नाही.

सोमवारपर्यंत किती होते वाचून? घाई करू नको, आणि मागंही राहू नको. मलाच कळत नाही मी काय म्हणून राहिली. भाऊ, शेवट चांगला आहे ना? नको, सांगू नको.

बाबांच्या पायांना माझा हात लाव. मला विसरू नका दोघं.

खुशबू


नागपूर
१५ ऑक्टोबर २००३

चि. खुशबूस,
सप्रेम जयभीम.

ऑपरेशन झालं एवढं मी दुकानात फोन करून सांगितलं होतं. सारे कान लावून उभे असतील म्हणून बाकीचं बोललो नाही. आता लिहितो.

सोमवारी सकाळी त्या दिवसाचं प्रकरण तेवढं वाचायचं उरलं होतं. वेळ होती, पण बाबांनीच पुस्तक मिटवलं. म्हणाले, हे राहू दे, याच्यासाठी परत येतो. स्ट्रेचरची गाडी आत गेली. मायचीच आठवण आली.

काल दुपारपर्यंत ते जागेच झाले नाहीत. तोंडात नळी, डोळे मिटलेले. मी हाक मारली, सिस्टरनं मारली, काही नाही. डॉक्टर म्हणाले, थांबून पाहू. त्यांचा चेहरा मला आवडला नाही. सिस्टरच्या हातापाया पडून पुस्तक आत नेलं. तिनं पाचच मिनिटं दिली. मी ते राहिलेलं प्रकरण उघडलं आणि वाचत सुटलो, खुशबू. जसा नेहमी वाचतो तसाच, पानामागून पान, ती मिनिटं संपायच्या आत सारं त्यांच्या कानात पडावं म्हणून. काय वाचतो तेही मला कळत नव्हतं.

आणि चादरीवरचा त्यांचा हात हलला. हळूहळू वर आला. पंजा.

मी थांबलो. ढसाढसा रडलो, सिस्टर रागावली तरी रडलो. मग श्वास घेतला आणि तेच प्रकरण पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतलं, सावकाश. तेव्हा कुठं त्यांनी पंजा खाली ठेवला. अर्धं पान झालं आणि वेळ संपली. आज नळी काढली. आता रोज अर्धं पान चालेल. घरी येईपर्यंत पुरेल.

तुझ्या गोगलगायीला माझा जयभीम सांग. लोभ ठेव, आणि सावकाश ठेव.

तुझा,
अश्विन

ता. क. घोडा परत येतो की नाही, हे केवळराम काकाजींनी मला विचारू नये. बाबाच सांगतील.