अकोल्यात घेतलेला समुद्राचा गळ

प्रिय प्राजू,

या पत्रासोबत तुला एक लांब प्लास्टिकचा पाइप मिळेल. घाबरू नकोस, नळाचं काम काढलेलं नाही. आत मासे धरायचा रॉड आहे, दोन तुकड्यांचा, आणि सोबतच्या खोक्यात दोरा गुंडाळायचं रील, दोरा आणि आमिषाचे चार नकली मासे. जन्मात कधी मासळीबाजाराच्या गल्लीत न शिरलेल्या तुझ्या आईनं हे सगळं अकोल्यात येऊन विकत घेतलंय. तू हसशील. हस. पण बरोबर घेतलं की फसले, ते मला अजून समजलेलं नाही. खरं सांगायचं तर हल्ली मला बरंच काही समजेनासं झालंय.

तू बँकेत बदली मागून घेऊन गुहागरला गेलीस, तेव्हापासून आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे जेवलीस का, हो. बरी आहेस का, हो. ठेवू का, बरं. आणि मग त्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला. तू इतक्या जोरात बोलत होतीस की मला वाटलं कोणाशी भांडण झालं. आई, एवढा मोठा कोकर लागला होता, खडकावरून मला ओढतच होता, आणि रॉड मधोमध मोडला! मी विचारलं, कोकर म्हणजे काय? मग तू मला अर्धा तास तो मासा समजावलास. चांदीसारखा, चपटा, गाडीच्या इंजिनाइतक्या ताकदीचा. मी कुकर बंद करायची विसरले, भाताचा गोळा झाला. तुझ्या बाबांनी तो निमूट खाल्ला, कारण मी हसत होते म्हणे.

मी तेव्हा तुला विचारलं होतं, अगं पण आपल्या घरात कोणी अंडं आणत नाही, आणि तू मासे मारून राहिली? तू म्हणालीस, मारत नाही, धरते आणि सोडून देते. मग धरतेस काहून? यावर तू म्हणालीस, आई, तो ओढतो ना, तेव्हा डोक्यात दुसरं काही राहतच नाही. हे वाक्य मी बरेच दिवस घेऊन बसले. माशाला दुखत असेल का, हेही मनात येतं. दोन्हींतलं एक खरं धरावं तर दुसरं खोटं होत नाही. परमेश्वराला काय उत्तर द्यायचं ते मी माझं बघेन.

त्यानंतर दोन-तीनदा फोन झाला. रॉड मोडल्यापासून तू खडकावर गेली नव्हतीस आणि पुन्हा 'हो' आणि 'बरं' सुरू झालं होतं. तेव्हा ठरवलं. आपल्या अमरावतीत घ्यायची हिंमत झाली नाही. रिद्धपूरला दर्शनाला सोबत जाणाऱ्या बायकांपैकी एकीनं जरी मला त्या दुकानात पाहिलं असतं, तर विषय वर्षभर पुरला असता. म्हणून अकोल्याला रागिणीमावशीकडे जाते म्हणून निघाले. मावशी आधी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाई, तुह्यं डोकं ठिकान्यावर हाये ना?" पण आली सोबत.

दुकान जाळ्यांचं. धरणावर मासे धरणारे लोक तिथून माल नेतात. दुकानदार शेखर म्हणून, भला माणूस. त्यानं विचारलं, "काकू, कोन्त्या धरनावर लागते?" मी म्हटलं, समुद्रावर. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा मावशीकडे पाहिलं आणि खुर्ची दिली. आधी त्यानं मनगटाएवढा जाड रॉड दाखवला. म्हणे, यानं बकरी उचलाल. पण तू तर सांगितलं होतंस की रॉडनं उचलायचं नसतं, तो वाकला पाहिजे, वाकून वाकून माशाला दमवलं पाहिजे. मग रील. त्यावर चार हजार लिहिलेलं. मी म्हटलं, भाऊ, इतके नाहीत माझ्याजवळ. तर तो म्हणतो, "काकू, ते किंमत नाही, साइज हाये." मग पुढचं पाच हजारवालं स्वस्त निघालं, आणि तीन हजारवालं महाग. इथून माझा जो गोंधळ सुरू झाला तो झालाच.

मावशी म्हणे महागाचं ते चांगलं. मोबाइलवरच्या व्हिडिओतला एक माणूस म्हणे रॉड लांब पाहिजे, दुसरा म्हणे आखूड. शेवटी शेखरनंच खरं ते सांगितलं, "माह्याकडचं रील खाऱ्या पान्यात दोन महिन्यात सडून जाईन. तुमाले फसवून काय भेटते मले?" त्यानं त्याच्या मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावून दिला. व्यापारी म्हणाला, पैसे कमी असतील तर रॉड साधा घ्या आणि पैसे रीलमध्ये घाला. मोठा मासा पळतो तेव्हा रीलमधून दोरा सरसर सुटला पाहिजे. अडखळला की तुटला. दोरा विणलेला घ्या. आणि स्वस्त नकली माशांचे गळ लगेच सरळ होतात, ते काढून जाड लावा. मला निम्मं समजलं. तेवढ्यावर हो म्हटलं. मग माल यायची वाट पाहिली, आणि आज पुन्हा अकोल्याला येऊन तो घेतला. शेखरकडून गळांचे उलटे काटे मात्र पक्कडीनं दाबून घेतले, म्हणजे माशाच्या तोंडातून सहज निघतील. तो म्हणाला, "काकू, मासा निसटून जाईन ना." मी म्हटलं, निसटू दे. काम झालं की रील गोड्या पाण्यानं धू, म्हणजे टिकेल. ही एकच गोष्ट मला पक्की समजली आहे.

आता मावशीच्या घरी बसून लिहितेय. दुपार आहे, ती झोपली आहे. एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. मागच्या दिवाळीत अंजनगावहून तू आणि नितेशराव आला होतात. सगळे जण गप्पा मारत होते. तू स्वयंपाकघरात आलीस आणि अगदी हळू मला विचारलंस, आई, अजून अर्धा कप चहा घेऊ का? आपल्या घरात, प्राजू. जी पोरगी न विचारता पातेलं तोंडाला लावायची, तिनं. नितेशराव कधी मोठ्यानं बोलल्याचं मी ऐकलं नाही. व्यसन नाही, कमाई चांगली, सगळे म्हणतात लाखात एक जावई. मग तू तसं का विचारलंस, ते मी रोज स्वतःला विचारते. उत्तर मिळाल्यासारखं वाटतं आणि पुन्हा वाटतं, मी कोण ठरवणारी?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. शनिवारी तुझे बाबा, शेषराव व्याही आणि नितेशराव गाडी करून गुहागरला येत आहेत, तुला अंजनगावला परत न्यायला. तुला आधी कळवायचं नाही, असं ठरलंय. समोर पाहिलं की नाही म्हणणार नाही, असं व्याही म्हणाले. बाबांच्या मनात वाईट काही नाही, त्यांना वाटतं घर जुळेल. मलाही चल म्हणाले होते, मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोनवर तू लगेच 'बरं' म्हणतेस, आणि तुझं 'बरं' ऐकायची मला भीती वाटते. जायचं की राहायचं, यात माझं मत विचारू नकोस. मला खरंच कळत नाही बरोबर काय. पण कुरिअर गुरुवारी पोचेल म्हणतात, म्हणजे विचार करायला तुझ्या हातात दोन दिवस आहेत. हे पाठवून मी संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला जाईन, आणि जेवण वाढायच्या आधी बाबांना सांगेन की मी प्राजूला कळवलं आहे. चिडतील. चिडू देत.

तुझीच,
आई