खालची तारीख

सर, आज सकाळी ग्रंथालय उघडलं, कॉम्प्युटर लावला आणि गॅझेटची ओळ समोर आली. कामगारांचे जुने कायदे गेले, सर. विडी कामगारांचा गेला, पगाराचा गेला, बोनसचा गेला. सगळे गुंडाळून नव्या संहिता लागू झाल्या. पास होऊन कितीतरी वर्षं नुसत्या पडून होत्या. तुम्ही असता तर रोज डोकं खाल्लं असतंत, "लागू कधी होणार गं?" झाल्या एकदाच्या. मी सवयीनं आधी खालची तारीख वाचली आणि मग खुर्चीत बसूनच राहिले. समोर एक वकीलसाहेब उभे, मॅडम, मॅडम करत. त्यांना म्हटलं, थांबा की जरा, कायदा कुठं पळून जातोय?

कोर्टाच्या आवारातल्या या ग्रंथालयात मी तुमच्या हाताखाली लागले तेव्हा मला वाटायचं, पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, झालं काम. तुम्ही माझ्या हातात कात्री आणि खळीची वाटी दिलीत. कायद्यात बदल झाला की त्याची चिठ्ठी छापून यायची. ती कापून मूळ पुस्तकात नेमक्या कलमावर चिकटवायची. खळ तुमच्या घरून काकू करून द्यायच्या, मैद्याची, कसर लागू नये म्हणून मोरचूद घालून. विकतचा डिंक आणू का विचारलं तर तुम्ही म्हणालात, "आम्ही मागावरची माणसं, सुताला खळ देण्यात जन्म गेला, खळ आम्हाला शिकवतीस व्हय?"

एकदा एका नव्या वकिलाला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, नवा कायदा आलाय, जुनं विसरा. तुम्ही कपाटामागून बाहेर आलात. "कुठं आलाय? मथळा वाचून पळू नको. खाली बघ की. पास झालाय, लागू नाही झालेला. हा पोरगा उद्या तुझ्या भरवशावर जज्जासमोर उभा राहील आणि पक्षकाराचं घर जाईल." त्या वकिलासमोर बोललात हो! मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तुम्ही डब्यातली शेंगापोळी माझ्यापुढं सरकवलीत. "रुसायचं तर रूस, पण तारीख बघत जा."

पुढं कॉम्प्युटर आला आणि मी फीड लावून घेतले. एखाद्या वेबसाइटवर नवीन निकाल, नवं पुस्तक, नवं गॅझेट आलं की त्याची ओळ आपसूक माझ्या पडद्यावर येऊन बसते, दहा ठिकाणी शोधत हिंडायला नको. तुम्हाला पटेना. पोस्टमन आल्याशिवाय टपाल कसं येतं, म्हणून दोन दिवस कुरकुरलात. मग बघते तर माझ्याआधी येऊन तुम्हीच पडद्यासमोर बसलेले, चहा गार झालेला, आणि वर मलाच विचारताय, हायकोर्टाचं लावलंस का, दिल्लीचं लावलंस का?

निवृत्त झालात आणि पुस्तक लिहायला घेतलंत. विडी आणि यंत्रमाग कामगारांचे कायदे, सोप्या मराठीत. तुमची आई जन्मभर विड्या वळत होती आणि तिचा हक्क काय हे तिला कधी कुणी सांगितलं नाही, हे तुम्ही मला एकदाच बोललात, खिडकीकडं बघत. पुण्याच्या एका प्रकाशकानं होकार दिला. झेरॉक्स काढून ठेवा म्हणून मी किती मागं लागले! "माणसांवर विश्वास ठेवावा की," म्हणालात आणि एकुलतं एक हस्तलिखित पाठवून मोकळे झालात. त्याचा मला अजून राग येतो, सर. खूप येतो.

त्या प्रकाशकाचं फीड मी लगेच लावलं. तोवर तुमचं दुखणं सुरू झालेलं. ग्रंथालय उघडलं की तुमचा फोन ठरलेला. "काय गं, आलं का?" "नाही सर." "बरं. गॅझेटात काय?" रोज एवढंच.

आणि एका सकाळी ओळ आली. पुस्तकाचं नाव, खाली तुमचं नाव. मी ती उघडून बघितलीसुद्धा नाही. पेढे घेतले आणि स्कूटी दामटली ती थेट हॉस्पिटलात. काकू रडायलाच लागल्या. तुम्ही पेढा हातात धरलात, पण तोंडात घातला नाहीत. "तारीख काय दिलीय?" मी मोबाइलवर ओळ उघडली. खाली बारीक अक्षरात होतं, लवकरच प्रकाशित होत आहे. माझं तोंड एवढंसं झालं. तुम्ही मात्र खोकला येईपर्यंत हसलात. "अगं, म्हणजे पास झालंय. लागू व्हायचंय." पेढा कागदात गुंडाळून उशाशी ठेवलात. "आलं की खातो."

तुम्ही गेलात त्या दिवशी काकू पिशवी भरत होत्या. तो पेढा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. टाकायचा कसा गं, म्हणाल्या.

पुस्तक आलं नाही. मी फोन केले, पुण्याला जाऊन बसले. मालक वारले होते, मुलगा बघतो म्हणाला, मग ते दुकानच बंद झालं. हस्तलिखित कुणालाच सापडलं नाही. आता सापडलं तरी काय? त्यातले बहुतेक कायदे आज गेले. चिठ्ठी लावायची म्हटली तर पुस्तकाएवढीच लावावी लागेल, आणि तेवढी खळ करायला काकूही राहिल्या नाहीत.

ते फीड माझ्याकडं अजून आहे. वर्षानुवर्षं त्यात काही आलेलं नाही. कॉम्प्युटर मधूनमधून विचारतो, काढून टाकू का? आज काढायलाच बसले होते. हात होईना.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं सांगते. सकाळी ग्रंथालयातला फोन वाजला की माझ्या तोंडात अजूनही आधी "नाही सर" येतं. ते पुस्तक यावं असं मी सगळ्यांना सांगते, पण मला ते यायला नको आहे. एकदा आलं की तुम्ही कशाला विचाराल?