रजेचा तारांकित प्रश्न

निंभोरा, ता. रावेर
सोमवार, २ डिसेंबर

चि. योगराज यास नानाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तिकडे तूही ठीक असशील असं समजून लिहितो. फोनवर विचारायला जावं तर तू म्हणतोस, "नाना, मीटिंगमध्ये आहे, मागून लावतो." म्हणून कागद बरा. कागद मीटिंग संपेपर्यंत दाराशी बसून राहतो, कुरकुर करत नाही.

थंडी यंदा लवकर आली. केळीला चरका बसू राहिला. पानं पिवळी पडली आणि घड बाहेर यायला तयार नाहीत. मला आता त्याचं काय, गाड्या भरायची मुकादमी सोडून आठ वर्षं झाली. तरी सकाळी पाय स्टेशनाकडेच वळतात. दिल्लीकडची एखादी गाडी गेली की घरी येतो.

शेजारची कुंदाबाई परवा भरताची वाटी देऊन गेली. मी घरी करत नाही. एका माणसाला भरीत करता येत नाही रे. वांगी भाजणारा एक, ठेचणारा एक आणि मिरची जास्त झाली म्हणणारा एक, एवढी माणसं तरी लागतात. दिपमालाचा नरडाण्याहून फोन असतो. जावयाची कंपनी बरी चालली आहे. तुझी बहीण आता पक्की धुळ्याकडची झाली, बोलायला लागली की अर्धं मला परत विचारावं लागतं.

शुक्रवारी अकरा वाजता मी भटूच्या दुकानात असतो, हे तुला माहीत आहे. तो दाढ्या करतो आणि मी संसदेचं चॅनल लावून बसतो. परराष्ट्र मंत्र्यांचा उत्तरं द्यायचा वार तो. उत्तरं तयार करणारी तुम्ही मंडळी मागच्या कोपऱ्यात बसता, तिकडे कॅमेरा फारसा जात नाही. मागच्या अधिवेशनात एकदाच गेला. डाव्या हाताने लिहिणारा एक माणूस दिसला, तोंड दिसलं नाही. मी भटूला म्हटलं, हा आपला योगराज. तो म्हणाला, "नाना, देशात डावखुरे काय एकच आहे का?" असू देत. मला एक दिसला तेवढा पुरे.

सोळा महिने झाले तुला येऊन. पोळ्याला रजा नाही. मायच्या वर्षश्राद्धाला अधिवेशन. दिवाळीला कुठल्या देशाचे पाहुणे. मी रागावलो नाही. एवढ्या मोठ्या देशाचं शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बरं ठेवायचं, म्हणजे माणूस घरी सोडून कसं चालेल.

येत्या शुक्रवारी आपल्या खासदारांचा प्रश्न लागला आहे असं ऐकलं. तुझ्याच खात्याला आहे. नीट उत्तर लिहून दे, आपल्या भागाचा माणूस आहे.

पांघरूण पुरेसं घे. दिल्लीची थंडी हाडात शिरते.

तुझा,
नाना


निंभोरा
शनिवार, ७ डिसेंबर

चि. योगराज यास आशीर्वाद.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, राखून ठेवली होती. कालचा प्रश्न खासदारांच्या नावावर लागला, पण पेरणी माझी होती.

दिवाळी झाली आणि मी जळगावला त्यांच्या कार्यालयात गेलो. तिथे रुपचंद नावाचे गृहस्थ लोकांचे अर्ज घेतात. मला म्हणाले, "बोला आबा, रस्ता का रेल्वेचा थांबा?"

"प्रश्न आहे," मी म्हटलं. "परराष्ट्र मंत्र्यांना विचारायचा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सरहद्दीचा?"

"रजेचा."

"कोणाच्या रजेचा?"

"त्यांच्या खात्यातल्या माणसांच्या. पंधरा पंधरा महिने घरी सोडत नाहीत बिचाऱ्यांना."

"आबा, त्या लोकांचं मतदान तरी इथं आहे का?"

"त्यांच्या मायबापांचं आहे ना."

त्यावर ते हसले आणि खुर्ची पुढे सरकवली. मी चौथी शिकलेला माणूस, पण पेपर रोज वाचतो, म्हणून भाषा मला माहीत होती. मी सांगत गेलो, त्यांनी लिहिलं. खात्यात आणि परदेशातल्या कचेऱ्यांत किती जागा रिकाम्या आहेत. त्यामुळे अधिकाऱ्यांना रजा नाकारली जाते, हे खरे आहे काय. असल्यास सरकार काय करणार. तू त्या खात्यात आहेस हे मी सांगितलं नाही. बाप पोरासाठी वशिला लावू राहिला असं वाटलं असतं. पुढे शेकडो प्रश्नांत चिठ्ठ्या निघतात म्हणे. आपला तिसऱ्या नंबरावर निघाला. मला वाटलं, तुझ्या मायनेच वर बसून चिठ्ठी काढली.

काल भटूच्या दुकानात पाच-सहा जण होते. पहिला प्रश्न कुठल्या तरी बंदरात अडकलेल्या आपल्या खलाशांचा. मंत्री म्हणाले, आम्ही त्या देशाच्या सतत संपर्कात आहोत. दुसरा कसल्याशा कराराचा. मंत्री म्हणाले, बोलणी चांगल्या वातावरणात चालू आहेत. भटू वस्तरा पुसत म्हणाला, "नाना, हे तर तुमच्या बापलेकाच्या फोनासारखं झालं. संपर्क आहे, वातावरण चांगलं आहे, हाती काही नाही."

मग आपला आला. मंत्री उठले, "विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवत आहे" एवढं म्हणाले आणि खाली बसले. मी खुर्चीतून अर्धा उठलो. भटूला म्हटलं, हे काय, कागद ठेवून मोकळे झाले? पण आपल्या खासदारांनी सोडलं नाही. उठून म्हणाले, जागांचा आकडा मिळाला, रजेचं बोला. मंत्र्यांनी मागे पाहिलं. कॅमेराही तिकडे गेला. डावा हात लिहू राहिला होता. शिपायाने चिठ्ठी नेली, मंत्र्यांनी चष्म्याखालून वाचली आणि म्हणाले:

गेल्या दोन वर्षांत अधिवेशनाच्या किंवा कामाच्या कारणाने एकही रजा नाकारलेली नाही. उलट आमच्या कित्येक अधिकाऱ्यांच्या रजा शिल्लक पडून आहेत. ते मागतच नाहीत, आम्ही काय करणार?

सभागृह हसलं. काहींनी बाकं वाजवली. भटूच्या दुकानात कोणी हसलं नाही. ज्याच्या एका गालाला फेस होता तोसुद्धा आरशात खाली पाहायला लागला. भटूने न विचारता चॅनल बदललं आणि म्हणाला, "चहा सांगू का, नाना?"

तू मला एकदा सांगितलं होतंस, सभागृहात चुकीची माहिती दिली तर मंत्र्यांवर हक्कभंग येतो, म्हणून तुम्ही आकडा तीनदा तपासता. म्हणजे कालचा आकडा खराच.

झाकली मूठ होती, ती मीच उघडायला लावली. पण बेटा, तुला पकडायला नाही रे विचारलं. मला वाटलं, देशासमोर विचारलं की वरून हुकूम निघेल आणि तुम्हाला चार-आठ दिवस सोडतील. दिपमालाला सांगितलं तर ती म्हणाली, "नाना, तुमनं डोकं ठिकानावर शे का? भाऊले रजा भेटत नही, हाई तुमले खरं वाटनं?" तिला माहीत होतं. खरं सांगायचं तर कुठेतरी मलाही माहीत असावं. पण माणूस एकटा असला की सोयीचं खोटं त्याला पाहुण्यासारखं वाटतं. बसवून घेतो, चहा देतो.

तू का येत नाहीस, ते मी विचारत नाही.

तुझा,
नाना


निंभोरा
गुरुवार, १२ डिसेंबर

योगराज,

मंगळवारी तुझा फोन आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तू मीटिंगमध्ये नव्हतास. म्हणालास, "नाना, प्रश्न तुमचा होता हे आधी सांगायचं ना. ती चिठ्ठी मीच लिहिली." मी म्हटलं, हो, हात ओळखला. मग तू विचारलंस, "माय दोन दिवस माझं नाव घेत होती, असं कुंदाबाई तेराव्याला बोलून गेली. खरं का? मग मला शुक्रवारी बारानंतर का कळवलं?"

मी म्हटलं, आवाज येत नाही, रेंज गेली. आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती.

दोन दिवस हातात पेन धरून बसलो. तोंडाने हे सांगणं माझ्याने होणार नाही, म्हणून लिहितो. एका दमात वाचून टाक.

कुंदाबाई खरं बोलली. तुझ्या मायला मी त्या आठवड्यात बुधवारी सकाळी जळगावच्या दवाखान्यात नेलं. श्वास लागत होता. डॉक्टरांनी दुपारीच बाजूला घेऊन सांगितलं, मुलांना बोलवून घ्या. सोमवारी तू फोनवर म्हणाला होतास, "नाना, शुक्रवारपर्यंत काही सांगू नका, आमच्या मंत्र्यांचा वार आहे, मान वर करायला वेळ नाही." तू सहज म्हणाला होतास. बाजाराचं, शेताचं सांगू नका, एवढाच त्याचा अर्थ. मी मुकादम माणूस. गाडी सुटायच्या वेळी कोणाला हाक मारायची नाही, हे जन्मभर पाळलेलं. मी तुलाही हाक मारली नाही. दिपमालाला सांगितलं असतं तर तिने तुला सांगितलं असतं, म्हणून तिलाही नाही. वाटलं, शुक्रवार दुपारपर्यंत ही काढेल. सतराशे साठ दुखणी तिने उभ्यानं काढली होती.

ती विचारायची, "योगराजले कळवलं का?" मी म्हटलं, कळवलं. "निघाला का?" निघाला.

एकदा निघाला म्हटल्यावर तुला पुढे आणणं भाग होतं. ती लाईन मला तोंडपाठ आहे, माझी केळी त्याच वाटेनं दिल्लीला जायची. गुरुवारी रात्री तुला गाडीत बसवलं. भोपाळ गेलं म्हटलं. पहाटे तिने डोळे उघडले, मी म्हटलं, इटारसी. मग खंडवा. ती म्हणाली, "जेवला असेल का?" मी म्हटलं, खंडव्याला पुरी-भाजी घेतली. सकाळी तिला धाप फार होती. मी म्हटलं, बुऱ्हाणपूर सोडलं. पावणेदहाच्या सुमाराला तिने नुसती बोटं हलवली. मी कानाशी वाकून म्हटलं, रावेर आलं.

ती म्हणाली, "मंग आता जवळच."

त्यानंतर ती बोलली नाही. दहाला संपलं.

योगराज, अजून एक आहे, आणि तेच तुझ्यापासून लपवलं होतं. दहाला ती गेली. मी तुला बारा वाजून पाच मिनिटांनी फोन केला. भटू माझ्याबरोबर होता. दोनदा म्हणाला, "नाना, लावा ना फोन आता." मी म्हटलं, बारा वाजू दे. त्याचा प्रश्नांचा तास संपू दे. दोन तास मी तिच्या उशाशी घड्याळाकडे पाहत बसलो. तेव्हा मला वाटलं होतं, मी बापाचं कर्तव्य करू राहिलो. पोराचं काम, देशाचं काम. कुठल्या तरी देशाशी कसले तरी संबंध होते, ते मी सांभाळले, आणि माझ्या घरातली बाई पोराला न बघता गेली. ते संबंध सांभाळायला मला कोणी सांगितलं होतं? मंत्र्यांनी नाही, तूही नाही.

बुधवारी कळवलं असतं तर गुरुवारी तू तिथे असतास. हे मी रोज मोजतो. गाडी कुठलीही धरली तरी पोहोचतोस.

तुला मी म्हटलं, अचानक झालं. तू मला म्हणालास, रजा मिळत नाही. बापलेकाचा हिशेब मी बरोबरीचा धरत नाही. तुझं खोटं लहान आहे, आणि ते माझ्याच खोट्याच्या पोटी जन्मलं.

ये, असं आता लिहिणार नाही. यायचं नसेल तर फोनवर एवढंच म्हण, "नाना, मले यायचं नाही." मी ऐकून घेईन. मंत्र्यांचं, पाहुण्यांचं नाव नको. आपल्या दोघांच्या मध्ये सरकारला कशाला उभं करायचं. आणि कधी आलासच, तर माझ्याशी भांडायला ये. शेजारपाजार ऐकेल म्हणून आवाज कमी करू नको. या घरात कोणी कोणाला मोठ्याने बोललं त्याला आता फार दिवस झाले.

दिपमालालाही हेच पत्र वेगळं लिहिलं आहे. तिचाही तेवढाच हक्क.

कळवायला सोळा महिने उशीर झाला, तरी कळावे.

तुझ्या मायला रावेर आलं म्हणून सांगणारा
तुझा बाप
सुपडू