जाळीमागचा वाढदिवस

१८ डिसेंबर, पहाटे साडेपाच

वडीगोद्रीत एवढी थंडी कधी पडली नव्हती. (दरवर्षी हेच लिहितो, पण यंदा खरं आहे.) ट्रक सुरू झाला, पण इंजिन गरमच होईना. ड्रायव्हर गुलाम नबी म्हणाला, रेडिएटरसमोर काहीतरी बांधू, हवा अडते. तो पोतं शोधायला निघाला. मी थेट माझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणला. 'दिलदार नेतृत्व काकासाहेब. शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार.' जाळीमागं तारेनं घट्ट बांधला. चेहरा आतल्या बाजूला, धूळ बसू नये म्हणून. दहा मिनिटांत इंजिन गरम. नेतृत्वातच ऊब असते.

गुलाम नबी म्हणाला, काकासाब, गर्मी से पहले याद से निकालना. म्हटलं, मी रोजनिशी लिहितो, विसरणारा माणूस न्हाई. हे बघ लिहिलं: फ्लेक्स महाशिवरात्रीपर्यंत काढणे.

२० फेब्रुवारी

दोन महिने लिहायचं राहिलं. मागची पानं वाचणार नाही. मागचं वाचत बसणारा माणूस पुढं जात नसतो.

थंडी गेली. ट्रक उन्हाळ्यासाठी तयार करायचा. यंदा मी स्वतः. व्हिडिओ बघून ठेवलेत.

मंठ्याला मेहुणी दैवशालाच्या शीतलचं लग्न आहे, ९ मार्चला. आचारी आपल्या गावचा. त्याची पातेली, कढया, शेगड्या आपल्याच ट्रकमधून जाणार. आमच्या मंडळींनी, म्हणजे नंदानं, चार माणसांत सांगून टाकलं की या वेळी गाडी रस्त्यात बसली तर पाडव्याच्या आत विकायची. मागच्या वर्षी बसली होती, तो दोष हवामानाचा होता. गाडी नंदाच्या नावावर आहे, पण ती फक्त कागदोपत्री बाब.

२२ फेब्रुवारी

ऑइल, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर बदलले. ग्रीसिंग केलं. निम्मं गाडीला लागलं, निम्मं मला. गुलाम नबी जवळ येऊन म्हणाला, काकासाब, वो सामने का... तिथंच थांबवलं. एका गाडीला दोन मेंदू चालत नाहीत. लग्न होईस्तोवर इंजिनाबद्दल चकार शब्द काढायचा न्हाई, असं बजावलं. बिलकुल, म्हणाला, आणि समोरच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन बसला. वळण लागतंय.

२५ फेब्रुवारी

अंबडपर्यंत ट्रायल. तापमानाचा काटा लाल. कूलंट जुनं झालं असणार. बदललं.

२७ फेब्रुवारी

नंदाच्या कुरडयांची तयारी. गच्चीवर अंथरायला माझा फ्लेक्स मागत होती. माझ्या तोंडावर कुरडया! नकार देण्यासाठी आधी फ्लेक्स शोधला. कुठंच नाही. म्हणजे चोरी. हरिओमचं काम. शेजारी राहतो, टेम्पो चालवतो. त्याच्या वाढदिवसाला कुणी साधा मेसेज टाकला नव्हता. जळतो.

२८ फेब्रुवारी

हरिओमला तोंडावर विचारलं. म्हणाला, काका, तुमचा फोटो नेऊन मी काय करू, आमच्या रानात हाकलायला डुकरं न्हाईत. सराईत गुन्हेगाराचं उत्तर. पंक्चरच्या दुकानात गुलाम नबीला जोराचा खोकला आला.

२ मार्च

काटा लाल. फॅनबेल्ट बदलला.

३ मार्च

काटा लाल. वॉटर पंप बदलला. थर्मोस्टॅट काढूनच टाकला.

५ मार्च

रेडिएटरमध्ये पाणी सोडून आतून धुतला. बाहेरून बघायची गरज नाही, जाळीतून पांढराशुभ्र दिसतोय. माझी निगा. काटा लाल.

गुलाम नबी लांबून माझ्या तोंडाकडं बोट दाखवायचा, मग गाडीच्या तोंडाकडं. बऱ्याच वेळा. माझी तारीफ करून राह्यला होता. हात हलवला.

७ मार्च

निदान झालं. काटाच बिघडलाय. त्यावर चिकटपट्टी लावली. तेव्हापासून तापमानाची तक्रार नाही. जाळीला नवीन लिंबू-मिरची. गाडी रेडी.

८ मार्च, संध्याकाळ, मंठा

सकाळी भांडी भरली. गुलाम नबी स्टिअरिंगवर, मी, नंदा, पलीकडं आचारी रामप्रसाद. अंबडच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ. रामप्रसाद म्हणाला, भात झाला वाटतं. गाडी बसली. नंदानं फोन लावला. अर्ध्या तासात हरिओमचा टेम्पो आला. पातेली गेली, कढया गेल्या, शेगड्या गेल्या. रामप्रसाद गेला. नंदा पुढच्या सीटवर बसली.

मी गुलाम नबीला म्हटलं, आता बोल. त्यानं आधी पक्कड आणली, जाळीमागं हात घातला, तार तोडली आणि मला ओढून बाहेर काढलं. म्हणजे फ्लेक्सला. चेहरा पार भाजलेला. 'दिलदार' शिल्लक होतं आणि मिशीची एक बाजू. मग म्हणाला, काकासाब, आपनेच बोलने को मना किया था ना.

टेम्पो अजून निघाला नव्हता. हरिओमनं डोकं बाहेर काढून विचारलं, काका, सापडला का चोर?

इंजिन गार झालं, पाणी भरलं. चिकटपट्टी काढली. काटा हिरव्यात. गाडी मंठ्याला एका दमात आली. रिकामी.

११ मार्च

नंदानं गाडी विकायचं रद्द केलं. म्हणाली, गाडीत काहीच दोष न्हाई. दोष कुठं आहे ते लग्नात पंगतीपंगतीला सांगून झालंय. ट्रकची किल्ली आता गुलाम नबीकडं राहणार. इंजिनाबद्दल त्यानं बोलायचं, मी न्हाई.

१३ मार्च, भर दुपार

गच्चीवर आहे. फ्लेक्सवर कुरडया वाळताहेत. राखणीला मी. वेळ जाईना म्हणून मागची पानं वाचायला घेतली. १८ डिसेंबरपर्यंत गेलो आणि वही मिटली.

एक कावळा माझ्या उरलेल्या मिशीवर बसून कुरडई खातोय. हुश केलं. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग फ्लेक्सकडं बघितलं, आणि खात राहिला.